काठावरच्या श्रोत्यासाठी: स्त्री-पुरुष विषमतेवरचं भाषण कसं बांधावं

स्त्रीवादावरच्या भाषणाला टाळ्या मिळवणं फारसं अवघड नाही. आधीच सहमत असलेली मंडळी पुढच्या रांगांत बसलेली असतात. त्यांना हवी ती चार वाक्यं ठणकावून म्हटली की झालं. मन वळवणं हे काम मात्र वेगळं आहे. बहुतेक सभांत तीन तऱ्हेचे श्रोते असतात: पटलेले, काही केल्या न पटणारे आणि काठावर बसलेले. भाषण लिहायचं ते या तिसऱ्यांसाठी. काठावरचा श्रोता विषमतेचा पुरस्कर्ता नसतो. त्याला वाटत असतं की हा प्रश्न आता सुटत आलाय, किंवा तो दुसऱ्या कुणाच्या घरातला आहे, किंवा बोलणारी व्यक्ती थोड्याच वेळात आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार आहे. पुढचं प्रत्येक तंत्र एकाच कसोटीवर घासून पाहायचं: मान खाली न घालता मत बदलायची वाट या माणसाला मिळते का?

मागणी आधी, सुरुवात नंतर

सुरुवात सुचत नाही म्हणून बरेच जण अडून बसतात. सुरुवातीचं राहू द्या. आधी एका ओळीत लिहा: “हे भाषण ऐकून श्रोता अमुक करेल.” त्या ‘अमुक’च्या जागी डोळ्यांना दिसणारी कृती हवी. ‘जागरूक होईल’, ‘मानसिकता बदलेल’, ‘आत्मपरीक्षण करेल’ हे चालणार नाही. ते घडलं की नाही, हे खुद्द श्रोत्यालाही सांगता येणार नाही. ‘बैठकीची टिपणं काढायचं काम दरवेळी बाईकडेच जातं का, हे पाहील आणि त्याची पाळी लावेल’ हे चालेल.

मागणी श्रोत्याच्या आवाक्यातली असावी. विद्यार्थ्यांपुढे उभं राहून कायदा बदला म्हटलं तर ते माना डोलावतील आणि घरी जातील. त्याच विद्यार्थ्यांना गटप्रकल्पात सादरीकरण कोण करतं आणि सजावट कोण करतं हे तपासायला सांगितलं, तर ते उद्याच करता येतं. मागणी एकच ठेवा. तीन केल्या तर श्रोता त्यातली सगळ्यात सोपी निवडतो आणि बहुधा तीही विसरतो.

मागणी ठरली की भाषणातलं प्रत्येक वाक्य तिच्याकडे नेतं का, हे विचारता येतं. जे नेत नाही ते कितीही सुंदर असलं तरी काढून टाकायचं. पहिल्या खर्ड्यातला निम्मा मजकूर असा गळतो, आणि तो गळायलाच हवा.

तुम्ही कोण, हा प्रश्न टाळू नका

ॲरिस्टॉटलनं मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद. या विषयात पहिल्यावरच घोडं अडतं. बाई बोलत असेल तर ‘ही स्वतःच्या फायद्याचं बोलतेय’, पुरुष बोलत असेल तर ‘याला काय कळतं’, आणि बोलणारी व्यक्ती सुखवस्तू असेल तर ‘हिला कसला आलाय त्रास’. या शंका श्रोत्याच्या मनात पहिल्या अर्ध्या मिनिटातच येतात. त्या तुम्हीच बोलून टाकलेल्या बऱ्या.

एमा वॉटसन या अभिनेत्रीनं २० सप्टेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, पुरुषांनाही समानतेसाठी उभं करू पाहणाऱ्या ‘हीफॉरशी’ मोहिमेसाठी केलेलं भाषण याचा चांगला नमुना आहे. ही हॅरी पॉटरवाली मुलगी इथं काय करतेय, असं तुम्हाला वाटत असेल, असं ती स्वतःच म्हणते. मुलगी म्हणून आईवडिलांनी आपल्यावर कमी प्रेम केलं नाही, शाळेनं आपल्याला रोखलं नाही, म्हणजे आपण नशीबवान आहोत, हेही सांगते. आपल्या सवलती आधीच कबूल केल्यामुळे ‘तुला काय माहीत’ हा टोला बोथट होतो. शिवाय बोलणं स्वतःच्या गाऱ्हाण्यावरून इतरांच्या वाट्याला न आलेल्या संधीकडे वळतं.

पुरुष वक्त्यानं इथं दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘माझी आई, माझी बहीण, माझी मुलगी’ ही यादी लावू नये; बाईला मान का द्यायचा, तर ती कुणाचीतरी कुणीतरी आहे म्हणून, असा अर्थ त्यातून निघतो. आणि उद्धारकर्त्याचा सूर नको. ‘आम्ही पुरुषांनी त्यांना संधी दिली पाहिजे’ यात देणारा हात पुन्हा वरच राहतो. त्यापेक्षा पुरुषांच्या गटात काय बोललं जातं आणि तिथं गप्प बसणं किती सोपं असतं, हे पुरुष वक्ता अधिकारानं सांगू शकतो. तीच त्याची खरी जागा.

हे सगळं मिळून चार-पाच वाक्यांत आटपा. विश्वासार्हता कमावण्यात दोन मिनिटं गेली तर ती आत्मप्रौढी वाटते.

आकडे: थोडे, फोडून सांगितलेले, अचूक

या विषयावरच्या भाषणांत आकड्यांचा मारा ही सगळ्यात मोठी चूक. सात मिनिटांच्या भाषणात तीन आकडे पुरेत. त्यातला एक लक्षात राहिला तरी मिळवलं.

एकच आकडा घेऊन पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात सरासरी पाहता बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत स्त्री दिवसाला ४ तास २५ मिनिटं घालवते, पुरुष १ तास २३ मिनिटं. हे वाक्य असंच वाचलं तर कानावरून जाईल. आता फरक काढा: ३ तास २ मिनिटं. वर्षाला सुमारे १,१०० तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर कामाचे जवळजवळ १३८ दिवस. मग मंचावर म्हणा: “एक जोडपं घ्या. वर्ष संपतं तेव्हा तिनं त्याच्यापेक्षा १३८ दिवस जास्त बिनपगारी काम केलेलं असतं. त्यांची हजेरी कुठंच लागत नाही.” गणित तेच, पण आता ते पोचतं. जगाची सरासरी एका जोडप्याच्या तोंडी घालताना ‘सरासरीनं’ हा शब्द एकदा तरी उच्चारा. नाहीतर ‘आमच्याकडे असं नाही’ म्हणायला मोकळीक मिळते.

वॉटसनच्या भाषणातही आकड्याची अशीच फोड आहे. काहीच केलं नाही तर समान पगारासाठी ७५ वर्षं लागतील, म्हणजे तोवर आपण जवळजवळ शंभर वर्षांच्या होऊ, असं ती म्हणते. तेव्हा ती २४ वर्षांची होती. काळाचा आकडा समोर उभ्या असलेल्या माणसाच्या वयाला बांधला की श्रोता नकळत स्वतःचं वय त्यात घालून पाहतो.

आकडा पकडला जातो तो व्याख्येत. पगारातली तफावत हे याचं नेहमीचं उदाहरण. जगात स्त्रियांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे २० टक्के कमी आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था सांगतात. वक्ता मात्र सर्रास म्हणतो, “त्याच कामासाठी बाईला २० टक्के कमी मिळतात.” हे चूक. तो आकडा सगळ्या कमावत्या स्त्रिया आणि सगळे कमावते पुरुष यांच्या सरासरीतला फरक आहे. कमी पगाराच्या क्षेत्रांत स्त्रिया जास्त असणं, मूल झाल्यावर नोकरीत पडणारा खंड, वरच्या पदांवर कमी संख्या, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्याच कामाला कमी पैसे हा त्यातला एक भाग. सभागृहात हिशेब कळणारा एक जरी माणूस असला तरी तो इथं बोट ठेवतो, आणि मग उरलेलं खरंही खोटं ठरतं. म्हणून उलट बाजूनं जा: “हा फरक फक्त त्याच कामाचा नाही. काम कोणतं मिळालं, कधी सोडावं लागलं, बढती कुणाला मिळाली, हे सगळं यात आहे. आणि प्रश्नही तोच आहे.” ज्या गोष्टीवरून तुम्हाला पकडलं असतं, तीच आता तुमचा मुद्दा झाली.

‘एका पाहणीनुसार’ हे शब्द गाळा. संस्था, वर्ष, काय मोजलं, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो आकडा तुमचा नाही.

आणखी एक सापळा. ‘सगळेच असं करतात’, ‘जिथं जावं तिथं हेच’ असं म्हटलं की परिस्थिती किती वाईट आहे हे दाखवल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र वेगळीच नोंद होते: म्हणजे हे नेहमीचंच आहे. वागणुकीबद्दल बोलताना बदललेल्यांची संख्या सांगा, न बदललेल्यांची नको.

हिंसेचा आकडा सांगताना अधिक जपा. आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचं जगातलं प्रमाण सुमारे तीनात एक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. यावरून काही वक्ते ‘तुमच्या शेजारी बसलेल्या दोघींकडे पाहा, तुम्हा तिघींत एक ती आहे’ असा प्रयोग करतात. करू नका. ते सोसलेली बाई खरोखरच त्या रांगेत बसलेली असते, आणि तुम्ही सगळ्यांना तिच्याकडे पाहायला सांगितलेलं असतं.

प्रसंग: एक माणूस, एक दिवस, एक खोली

संख्या ऐकून माणूस मान डोलावतो. हलतो तो एका व्यक्तीच्या गोष्टीनं. पण कोणती गोष्ट? हात आपोआप सगळ्यात भीषण घटनेकडे जातो, आणि इथंच भाषण फसतं. भीषण गुन्हा ऐकला की काठावरचा श्रोता सुटकेचा श्वास टाकतो. तो तसा नसतो, त्याच्या ओळखीतही कुणी तसं नसतं, मग विषय त्याचा राहत नाही. लहान, रोजचा, ज्यात तो स्वतःला ओळखेल असा प्रसंग त्याला धरून ठेवतो.

उदाहरणार्थ: “बैठक सुरू आहे. ती एक उपाय सुचवते. कुणी काही बोलत नाही. दहा मिनिटांनी तोच उपाय तो सुचवतो. साहेब म्हणतात, वा, हे आधी का नाही सुचलं कुणाला? ती वहीत मान घालते आणि लिहिते, कारण टिपणं तिच्याकडेच असतात.” यात खलनायक नाही, कुणी ओरडलेलं नाही. पण खोलीतल्या प्रत्येकाला आपली खुर्ची सापडते: तिची, त्याची, साहेबांची किंवा गप्प बसलेल्यांची. शेवटच्या वाक्यात मागणीचं बीजही पडलं. पुढे पाळी लावायचं बोलाल तेव्हा ती वही श्रोत्याला आठवेल. गोष्ट आणि मागणी अशी एकमेकींत अडकलेली हवी.

प्रसंग १५० शब्दांच्या आत ठेवा. विशेषणं काढा, ‘बिचारी’, ‘असहाय’, ‘निर्दयी’ यातलं काहीही नको. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत असाल तर तिची परवानगी घ्या आणि ओळख पटेल असे तपशील बदला. परवानगी नसेल तर ‘समजा’ म्हणून कल्पित प्रसंग सांगा. ‘समजा’ म्हटल्यानं गोष्ट कमकुवत होत नाही. खरी म्हणून सांगितलेली रचलेली गोष्ट उघडी पडली तर मात्र सगळंच जातं.

एकाच प्रसंगाऐवजी वयाच्या पायऱ्याही वापरता येतात. वॉटसननं तेच केलं: आठव्या वर्षी नाटक बसवायचं म्हटलं तर हुकूमशहा ठरवलं, चौदाव्या वर्षी वृत्तपत्रांचा काही भाग लैंगिक नजरेनं पाहू लागला, पंधराव्या वर्षी मैत्रिणी दंड पिळदार दिसतील म्हणून खेळ सोडू लागल्या, अठराव्या वर्षी मित्रांना मनातलं बोलता येईना. शेवटची पायरी पाहा. तीन मुलींच्या आणि चौथी मुलांची. पुरुष श्रोत्याला विषयात आणायचं ते इथं, आरोपी म्हणून नव्हे, तर त्याच नियमांत अडकलेला म्हणून.

श्रोत्याचीच तत्त्वं उचला

काठावरच्या माणसाला नवी मूल्यं शिकवायला जाऊ नका. तो आधीच जे मानतो तिथून निघा. १८४८ मध्ये अमेरिकेत सेनेका फॉल्सला भरलेल्या स्त्री-हक्क परिषदेसाठी एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी जाहीरनामा लिहिला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या साच्यावर. सगळे पुरुष समान जन्मले आहेत या वाक्यात त्यांनी ‘आणि स्त्रिया’ एवढंच घातलं. विरोध करणाऱ्याला आता स्वतःच्या देशाच्या पायाभूत मजकुराशी भांडावं लागत होतं.

अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन बी. अँथनी यांनी हेच तर्काच्या अंगानं केलं. १८७२ च्या निवडणुकीत मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली. खटला उभा राहण्याआधी त्या गावोगाव भाषणं देत फिरल्या आणि सांगाडा तीनच पायऱ्यांचा ठेवला: संविधान सांगतं की देशात जन्मलेल्या व्यक्ती नागरिक आहेत, नागरिकांचे हक्क कोणतंही राज्य कमी करू शकत नाही, मग उरतो एकच प्रश्न, स्त्रिया व्यक्ती आहेत की नाहीत? ‘नाही’ म्हणायची हिंमत कुणात नव्हती, आणि ‘आहेत’ म्हटलं की निष्कर्ष आपोआप गळ्यात पडत होता. कोर्टानं त्यांना दोषी ठरवून १०० डॉलर दंड केला. तो त्यांनी कधीच भरला नाही. ही रचना आजही जशीच्या तशी वापरता येते: श्रोत्याला मान्य असलेली दोन विधानं, आणि तिसरं त्याच्याच तोंडून.

श्रोते कर्तव्याची भाषा मानणारे असतील तर हक्कांपेक्षा न्याय्य वाटणीबद्दल बोला. व्यवसायातले असतील तर शिकवून तयार केलेलं माणूस गमावण्याच्या खर्चाबद्दल बोला. फक्त तिथंच थांबू नका. ‘फायदा आहे म्हणून समानता’ एवढंच उरलं, तर फायदा नाही म्हणाल त्या दिवशी समानताही गेली.

आक्षेप: तुम्हीच आधी काढा

आक्षेपांचा उल्लेख केला तर ते श्रोत्यांना सुचतील अशी भीती असते. ते आधीच सुचलेले असतात. विरोधी बाजू मांडून तिला उत्तर देणारं भाषण एकतर्फी भाषणापेक्षा जास्त पटतं, हे संदेशनाच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. अट एवढीच की मांडून उत्तर दिलं पाहिजे. नुसतं मांडून सोडलं तर उलटं होतं. आणि मांडायचं ते तो आक्षेप घेणारा स्वतः मांडेल तितक्या नीट. नक्कल करून, आवाज बदलून मांडलं की काठावरचा समजतो, हे मलाच हसताहेत. सात मिनिटांत एकच आक्षेप घ्या, त्या सभेत सगळ्यात जास्त मनांत असेल तो.

“पुरुषांवरही अन्याय होतो.” याला ‘पण स्त्रियांवर जास्त होतो’ हे उत्तर सगळ्यात वाईट, लगेच दुःखाची स्पर्धा सुरू होते. त्यापेक्षा: “खरं आहे. जगात आत्महत्येनं मरणाऱ्यांचा दर पुरुषांत स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. रडायचं नाही, कमावल्याशिवाय किंमत नाही, मदत मागायची नाही, हे त्याला शिकवणारा नियम आणि तू घर सांभाळ हे तिला सांगणारा नियम एकाच पानावर लिहिलेले आहेत.” होकारानं सुरुवात, मग दोघांचं मूळ एक. श्रोता आता विरुद्ध बाजूला उरत नाही.

“आता समानता आलीच की.” इथं प्रगती मोकळेपणानं मान्य करा, आणि तारखेनिशी. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये. आज तिथं स्त्रिया राष्ट्राध्यक्षपदी बसून गेल्या आहेत. हे सांगितल्यावर जगभरच्या संसदांत स्त्रिया अजून सुमारे २७ टक्केच आहेत हे सांगा. प्रगती नाकारणारा वक्ता रडगाणं गातोय असं वाटतं. मान्य करणाऱ्याचं उरलेलंही ऐकलं जातं.

“निसर्गानंच फरक केलाय.” विज्ञानाच्या वादात शिरलात तर भाषण तिथंच संपेल. १८५१ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या सभेत सोजर्नर ट्रूथ यांनी दिलेलं उत्तर अजून कुणी सुधारलेलं नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईनं आधी आपण नांगरलं, कापणी केली, लाकडं फोडली, कुठल्याही पुरुषाइतकं काम केलं, असं सांगितलं. मग बुद्धीबद्दल म्हणाल्या, बाईचं माप पाइंटभर आणि पुरुषाचं क्वार्टभर असेल, तर तिचं ते छोटं माप तरी भरून का घेऊ देत नाही? पाइंट म्हणजे क्वार्टच्या निम्मं. समोरच्याचा दावा त्यांनी खोडलाच नाही; तो मान्य केला तरी निष्कर्ष निघत नाही, एवढंच दाखवलं. ‘मान्य केलं तरी’ या दोन-तीन शब्दांनी सुरू होणारं उत्तर तयार ठेवा.

“बायकाच बायकांच्या शत्रू असतात.” नियम कोण राबवतं हा एक प्रश्न, नियम कुणाच्या सोयीचा हा दुसरा. एवढं एक वाक्य बास. यावर जास्त बोलू नये.

आपल्याकडेही वादाची एक धारदार रीत आहे. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’त स्त्रियांवर लादलेले दुर्गुण एकेक करून उचलले आणि हे पुरुषांत नाहीत काय, असा उलट सवाल केला. आरोपाची यादी तीच ठेवायची, फक्त आरोपी बदलायचा. छापील मजकुरात हे भन्नाट चालतं. सभागृहात मात्र हात आखडता घ्या, कारण ज्यांच्याकडे बोट जातं ते समोरच बसलेले असतात.

राग कधी चालतो

दटावलं की माणूस उलटा वळतो. स्वातंत्र्यावर कुणी हात टाकतंय असं वाटलं की तो मुद्दा बरोबर असला तरी नाकारतो; मानसशास्त्रात हे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलं. म्हणून ‘तुम्ही पुरुष’, ‘तुम्हाला लाज वाटली पाहिजे’, ‘आता तरी डोळे उघडा’ ही वाक्यं खर्ड्यातच मारा.

पण रागाचं सर्वांत गाजलेलं भाषणही याच विषयावरचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी ९ ऑक्टोबर २०१२ रोजी संसदेत विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांच्यावर सुमारे पंधरा मिनिटं तोफ डागली. ती चालली, कारण राग समस्त पुरुषांवर नव्हता. एका माणसावर होता, तो समोर बसला होता आणि सत्तेत तोडीस तोड होता. पुरावा म्हणून त्यांनी त्याचीच जुनी विधानं त्याच्याच शब्दांत वाचून दाखवली. आणि पटवायचं होतं ते ॲबटना नव्हे, ऐकणाऱ्या तिसऱ्यांना. तरीही निकाल एकसारखा लागला नाही: जगभर ती चित्रफीत पसरली, देशातल्या अनेक राजकीय पत्रकारांनी मात्र ते भाषण तेव्हाच्या पक्षीय डावपेचांच्या चौकटीतच पाहिलं. या अटी जमत नसतील, म्हणजे लक्ष्य एक नसेल, पुरावा त्याच्याच तोंडचा नसेल, तर आवाज खाली ठेवा.

वाक्यं घडवताना

पुनरुक्ती हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं हत्यार. ५ सप्टेंबर १९९५ रोजी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत हिलरी क्लिंटन यांनी ‘हे मानवी हक्कांचं उल्लंघन आहे’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या अत्याचारांना लावत नेलं आणि यादी संपल्यावर मानवी हक्क म्हणजे स्त्रियांचे हक्क आणि स्त्रियांचे हक्क म्हणजे मानवी हक्क, असं उलटसुलट बांधलेलं वाक्य टाकलं. क्रम लक्षात घ्या: आधी उदाहरणं, मग सूत्र. सूत्र आधी आलं असतं तर ती नुसती घोषणा झाली असती. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पुनरुक्ती वाक्याच्या शेवटी जास्त ठसते: “तिनं विचारलं, उत्तर मिळालं नाही. तिनं लिहून दिलं, उत्तर मिळालं नाही. तिनं नोकरी सोडली, कारण कुणी विचारलंच नाही.” तिसऱ्या खेपेला मोडलीत तर ती कानाला टोचते, आणि टोचायलाच हवी. चौथी खेप नको.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतली निवड प्रत्येक वाक्यात जाणीवपूर्वक करा. अनुभव सांगताना ‘आम्ही’, कारण तो खरोखर सगळ्यांचा नसतो. मागणी करताना ‘आपण’. भाषणभर ‘आम्ही’ राहिलं की निम्मं सभागृह बाहेर बसतं. भाषणभर ‘आपण’ राहिलं की ज्याचा दोष त्याच्यावरून सरकतो.

कर्ता लपवू नका. ‘तिच्यावर अन्याय झाला’, ‘तिला डावललं गेलं’ या वाक्यांत करणारा कुणीच नाही. ‘समितीनं तिचं नाव वगळलं’ म्हटलं की प्रश्न विचारायचा कुणाला हे कळतं. ‘पितृसत्ताक व्यवस्था’, ‘लिंगभाव’, ‘संरचनात्मक भेदभाव’ हे शब्द अभ्यासवर्गात ठीक. मंचावर एखादाच घ्या, आणि तोही प्रसंगातून आधी समजावून.

प्रश्न विचाराल तर असा, की ज्याचं उत्तर श्रोत्याला मनातल्या मनात खरोखर द्यावं लागेल. ‘हे योग्य आहे का?’ याला उत्तर लागत नाही. ‘गेल्या वेळी घरात कुणी आजारी पडलं तेव्हा रजा कुणी घेतली?’ याला लागतं. विचारून पूर्ण तीन सेकंद गप्प राहा. मंचावर ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून बहुतेक जण एकातच पुढे पळतात आणि प्रश्न वाया जातो. कागदावर तिथं ‘थांब’ असं ठळक लिहून ठेवा.

लांबी, अवतरणं आणि आयत्या वेळची कात्री

मंचावरून सावकाश मराठी बोलताना मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात. सात मिनिटांसाठी ७०० शब्द धरा: सुरुवात ८०, प्रसंग १५०, आकडा आणि त्याचं कारण १५०, आक्षेप १८०, मागणी १००, शेवट ४०. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी भरते.

अवतरणं मुळापर्यंत तपासा. चांगली माणसं गप्प बसली की वाईटाचं फावतं, हे वाक्य वॉटसननं ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क यांच्या नावावर सांगितलं. बर्क यांच्या लेखनात ते सापडत नाही. ट्रूथ यांच्या भाषणाचं तर ध्रुवपदच संशयास्पद आहे. ‘मी बाई नाही का?’ ही पुन्हापुन्हा येणारी ओळ १८६३ मध्ये फ्रान्सिस गेज यांनी छापलेल्या पाठात आहे. १८५१ मध्ये, भाषणानंतर काही आठवड्यांतच छापून आलेल्या मॅरियस रॉबिन्सन यांच्या वृत्तांतात ती नाही. मापाचं उत्तर मात्र त्या जुन्या वृत्तांतातही आहे, म्हणून उद्धृत करायचं तर ते करा.

कार्यक्रम लांबतो आणि सात मिनिटांची चार होतात, हे गृहीतच धरा. अशा वेळी वक्ते भराभर वाचू लागतात आणि मागणी शेवटच्या अर्ध्या मिनिटात चिरडली जाते. आधीच ठरवून ठेवा काय गाळायचं ते: पहिल्यांदा दुसरा आणि तिसरा आकडा, मग स्वतःच्या ओळखीची वाक्यं, मग आक्षेप. प्रसंग, एक आकडा आणि मागणी यांना हात लावायचा नाही. आक्षेप गाळलात तर तो प्रश्नोत्तरांत येईलच, आणि तिथं तयार उत्तर आयतं कामाला येतं. प्रश्न विचारणारा चिडवायला उठला असेल तर पहिलं वाक्य त्याच्याकडे पाहून बोला, उरलेलं उत्तर सभागृहाकडे पाहून. त्याच्याशी नजर धरून ठेवलीत तर दोघांचं भांडण होतं, आणि काठावरचे मोबाइल काढतात.